मापांची वही

आमच्या पत्त्यातच लष्कर आहे.
लष्कर, ग्वाल्हेर. पोस्टमन वाचतो, रिक्षावाला वाचतो,
कुणाच्या मनात तलवार येत नाही.
तळ उठला, राहुट्यांच्या जागी साड्यांची दुकानं आली,
गजकवाले आले,
आणि आम्ही सुतवणे,
सुईमागून दोरा यावा तसे फौजेमागून आलेले,
राहिलो ते राहिलोच.

अण्णांचं दुकान मुरारला, छावणीच्या तोंडाशी.
फलकावर फक्त 'वर्दी', खाली एक बाण.
पलटण हलणार हे त्यांना आधी कळायचं:
दोन दिवस काजं-बटणांची घाई,
मग आठवडाभर कात्रीला सुट्टी.

त्या साली मी नऊ वर्षांची.
अण्णा आकडा म्हणायचे, मी वहीत लिहायची.
छाती छत्तीस. बाही साडेतेवीस.
ते उभे राहायचे श्वास भरून, ताठ,
जणू समोर टेप नाही, सेनापती आहे.
अण्णा म्हणायचे, "सोडा जवान, श्वास सोडा,
फुगवलेल्या छातीचा सदरा जेवताना आवळतो."
मग हसायचे. हसले की माप खरं यायचं.

आज सोळा डिसेंबर.
धुकं असं की किल्ला कुणी घडी घालून
कपाटात ठेवून दिलाय.
स्तंभापाशी ओल्या खुर्च्या, झेंडूचं चक्र,
साहेबांना उशीर.
एक पोरगा कागदावरून नावं वाचतोय,
गावांची नावं चुकवत.

शिपाई रामवीर सिकरवार.
डावा खांदा अर्धं बोट खाली;
लहानपणी मुरैन्याच्या बाजारात पोती उचललेली.
अण्णांनी आतून कापसाची पट्टी घातली
आणि कुणाला सांगितलं नाही.
त्यालासुद्धा नाही.

लान्सनायक तुळशीराम ढेबे.
आमचं मराठी ऐकून दारातच थबकलेला,
"हितं बी हाय व्हय आपलं मानूस?"
पोटऱ्या डोंगराच्या. पँट तिथंच अडायची.
पाण्याचा तांब्या मागितला आणि
प्यायच्या आधी बराच वेळ नुसता धरून बसला.

नायक इद्रिस खान.
यानं वर्दी नाही, कोट टाकला होता शिवायला,
सुटीत घरी जाताना घालायचा.
बाही चोवीस. आत दीड इंच दुमड ठेवा म्हणाला,
धाकटा वाढतोय, पुढं त्याला होईल.

काम पुरं झालं, माल गेला,
की पानावर तिरकी रेघ. धंद्याचा नियम.
या तीन पानांवर अण्णांनी रेघ मारली नाही.
का, ते मी विचारलं नाही;
रेघ नसलेलं पान उलटताना
ते बोट ओलं करायचे नाहीत, एवढं बघितलं.

मार्चमध्ये धाकटा आला कोट न्यायला.
ओठांवर नुकती लव.
अण्णांनी दुमड उसवली, इस्त्री फिरवली,
तरी जुन्या घडीची खूण राहिलीच.
बाही बरोब्बर मनगटावर आली.
मग दोघं जण पैसे
काउंटरवरून एकमेकांकडे सरकवत राहिले,
किती तरी वेळ,
आणि मी टेप गुंडाळत राहिले, उलगडत राहिले.

बिगुल वाजतो. दोन मिनिटं.
गजकवाल्याचा हातोडाही थांबतो लांबवर कुठंतरी,
किंवा मला तसं वाटतं.
नावं वाचणाऱ्या पोराची बाही
सलाम करताना बोटांवर उतरते,
भावाचा नाहीतर बापाचा गणवेश असावा.

खुर्च्या उचलायला लागल्यावर त्याला थांबवते.
टेप पर्समध्ये असतोच.
"कितना लगेगा, आंटी?"
पाच मिनिटं, म्हणते. हात खाली. श्वास सोड.

तो सोडत नाही.
धुक्यातल्या त्या नावांकडे तोंड करून उभाच,
छाती भरलेली,
आणि मला खरं माप मिळत नाही.